सामग्री : जमवणे, मांडणे आणि वाचणे

शालेय गणितात अंकगणित, बीजगणित आणि भूमिती यांच्या जोडीला सांख्यिकी शिकवली जाते. पहिल्या तिन्हींतले उत्तर गणिताच्या आतच मिळते. सांख्यिकीचे उत्तर मात्र नेहमी बाहेरच्या जगाविषयी असते: गावात पाऊस किती झाला, बाजारात भाव काय निघाला, कोणत्या तालुक्यात किती माणसे राहतात. त्यामुळे हा घटक शिकवताना तीन कामे करावी लागतात. माहिती गोळा करून तिला शिस्त लावायची, ती डोळ्यांना दिसेल अशी मांडायची आणि मांडलेल्यातून अर्थ काढायचा. पहिल्या दोन कामांना वर्गात पुरेसा वेळ मिळतो, तिसरे बहुतेकदा उरकले जाते. आलेख सुबक निघाला, प्रमाण लिहिले, अक्षांना नावे दिली की काम संपले असे विद्यार्थ्याला वाटते. खरे तर आलेख वाचता येण्यासाठीच काढायचा असतो. म्हणून मांडणीच्या प्रत्येक पायरीवर वाचनाचा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

महाराष्ट्रात बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांत या विषयाची चढण बऱ्यापैकी रेखीव आहे. प्राथमिक वर्गांत चित्रालेख येतो, सहावीत स्तंभालेख, सातवीत जोडस्तंभालेख. पुढे विभाजित आणि शतमान स्तंभालेख येतात. नववीत प्राथमिक व दुय्यम सामग्री आणि वारंवारता वितरण येते. दहावीत वर्गीकृत सामग्रीचा मध्य, मध्यक आणि बहुलक, तसेच आयतालेख, वारंवारता बहुभुज आणि वृत्तालेख शिकवला जातो. या सगळ्या संकल्पना एका जिल्ह्याच्या आकड्यांवर शिकवता येतात. सोलापूर जिल्हा त्यासाठी फार सोयीचा आहे. अकरा तालुके, एकाच वर्गात चार भाषा, कांद्याची मोठी बाजारपेठ, कापडगिरण्यांचा इतिहास आणि सगळ्या जिल्ह्याचे लक्ष ज्याच्या पातळीकडे असते ते उजनी धरण, एवढी सामग्री हाताशी आहे.

प्रश्न आधी, आकडे नंतर

सामग्री गोळा करण्याआधी प्रश्न ठरवावा लागतो, आणि प्रश्न नेमका असावा लागतो. सोलापूर शहरातल्या शाळेत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलणाऱ्या घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. "वर्गात कोणत्या भाषेची किती मुले आहेत?" हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. विचारायला लागल्यावर अडचण कळते. एखाद्या मुलीची आई तिच्याशी तेलुगू बोलते, आजी कन्नड बोलते, भावंडे आपसात मराठी बोलतात. तिची नोंद कुठे करायची?

"घरात कोणती भाषा सर्वांत जास्त बोलली जाते?" असे विचारले तर एक उत्तर येईल, "आई लहानपणी कोणत्या भाषेत बोलायची?" असे विचारले तर दुसरे. भारताच्या जनगणनेत मातृभाषा नोंदवताना दुसरी व्याख्या धरली जाते: त्या व्यक्तीच्या लहानपणी आई तिच्याशी ज्या भाषेत बोलत असे ती मातृभाषा. व्याख्या बदलली की आकडा बदलतो आणि पुढचा आलेखही बदलतो. विद्यार्थ्यांनी ही व्याख्या स्वतः चर्चा करून ठरवावी आणि सारणीच्या शीर्षकात लिहावी. आकड्यांमागे माणसांनी घेतलेले निर्णय असतात, हे त्यांना इथेच पहिल्यांदा कळते.

विद्यार्थ्यांनी स्वतः विचारून, मोजून किंवा पाहून मिळवलेली माहिती ही प्राथमिक सामग्री. जनगणना, बाजार समितीचे दरपत्रक, पाटबंधारे विभागाची रोजची पातळी, शाळेचा हजेरीपट यांतून घेतलेली माहिती ही दुय्यम सामग्री. दुय्यम सामग्री आयती असते, पण ती गोळा करताना काय प्रश्न विचारला होता हे शोधावे लागते. प्राथमिक सामग्रीत श्रम पडतात, पण तिच्या मर्यादा ठाऊक असतात. दोन्ही प्रकार एकदा तरी हाताळल्याशिवाय हा फरक पुस्तकातली व्याख्या होऊन राहतो.

सगळ्यांना विचारणे शक्य नसेल तर नमुना घ्यावा लागतो. ग्रामीण भागातील मुलांना याचे उदाहरण शिवारात सापडते. पिकाचे उत्पादन काढण्यासाठी शासन पीक कापणी प्रयोग करते. गावातले गट क्रमांक यादृच्छिक पद्धतीने निवडतात, निवडलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखतात, तेवढ्याच तुकड्यातले पीक कापून, मळून, वजन करतात आणि त्यावरून सरासरी उत्पादन ठरवतात. पिकाची पैसेवारी आणि पीकविम्याची भरपाई यांचा या आकड्यांशी संबंध येतो. ही पद्धत भारतात शास्त्रीय पायावर उभी करण्यात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा मोठा वाटा होता. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले सुखात्मे पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत सांख्यिकीचे काम पाहू लागले. तुकडा रस्त्याकडेच्या चांगल्या पिकात का आखू नये, हा प्रश्न वर्गात विचारला तर यादृच्छिक निवडीचा अर्थ व्याख्येशिवाय समजतो.

शिस्त लावणे : ताळ्याच्या खुणा, सारणी, वर्ग

गोळा झालेली उत्तरे सुरुवातीला नुसती रांग असते. ताळ्याच्या खुणांनी ती मोजली जाते: चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांना छेदणारी. पाचपाचचे गठ्ठे पडल्यामुळे मोजणी चुकत नाही आणि चुकली तर लगेच सापडते. समजा, ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात भाषेची नोंद अशी झाली: मराठी १६, तेलुगू ११, कन्नड ७, उर्दू ५, इतर १. बेरीज ४० आली की नाही हे तपासणे ही सवय पहिल्याच दिवशी लागली पाहिजे. "इतर" या रकान्यात एकच मूल आहे, पण ते सारणीत आहे. गैरसोयीची नोंद गाळायची नाही, तिला जागा करून द्यायची, हा सांख्यिकीतला मूलभूत प्रामाणिकपणा आहे.

भाषेसारख्या माहितीचे गट आपोआप पडतात. वेळ, उंची, वजन, पाऊस अशा मोजमापांचे वर्ग पाडावे लागतात आणि तिथे निर्णय करावा लागतो. घरून शाळेत यायला किती मिनिटे लागतात, याची २० विद्यार्थ्यांची उत्तरे चढत्या क्रमाने अशी आली असे समजू: ५, ७, ८, १०, १०, १०, १२, १२, १५, १५, १५, १५, १८, २०, २०, २५, ३०, ३०, ४०, ४५.

दहा मिनिटांचे वर्ग पाडले तर ०–१० मध्ये ३, १०–२० मध्ये १०, २०–३० मध्ये ३, ३०–४० मध्ये २ आणि ४०–५० मध्ये २ विद्यार्थी येतात. वर्गाची वरची मर्यादा त्या वर्गात धरायची नाही, हा संकेत इथे पाळला आहे. म्हणून १० मिनिटांची नोंद १०–२० मध्ये जाते. आता पंचवीस मिनिटांचे दोनच वर्ग करू: ०–२५ मध्ये १५ आणि २५–५० मध्ये ५. दोन्ही सारण्या बरोबर आहेत. पहिलीत दिसते की अर्धा वर्ग १० ते २० मिनिटांच्या टप्प्यात आहे. दुसरीत ते दिसत नाही. उलट, एकेका मिनिटाचा वर्ग केला तर सारणी लांबलचक होईल आणि कोणताच आकार दिसणार नाही. वर्गांतर किती घ्यावे याचे एकच उत्तर नाही. विद्यार्थ्यांनी दोन-तीन वर्गांतरे घेऊन पाहावीत आणि आपण निवडलेल्याचे कारण सांगावे.

ही रांग आणखी एक गोष्ट सांगते. वीसपैकी पंधरा उत्तरे पाचच्या पटीत आहेत. म्हणजे मुलांनी घड्याळ लावून मोजलेले नाही, अंदाज सांगितला आहे. जनगणनेतही वय सांगताना लोक शून्य किंवा पाच शेवटी येणारा आकडा सांगतात, त्यामुळे ३०, ३५, ४० अशा वयांपाशी लोकसंख्या अवाच्या सवा फुगलेली दिसते. लोकसंख्याशास्त्रात या दोषाचे मोजमाप करण्याच्या रीती आहेत. सामग्री सारणीत बसवण्याआधी ती एकदा नुसती न्याहाळायला हवी, ती यासाठी.

चित्र कोणते, आणि कशासाठी

आलेखांचा इतिहास फार जुना नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश लेखकाने १७८६ साली प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक पुस्तकात स्तंभालेख वापरला. इतर देशांच्या व्यापाराचे अनेक वर्षांचे आकडे त्याच्याकडे होते, ते त्याने रेषांनी दाखवले. स्कॉटलंडचे मात्र एकाच वर्षाचे आकडे हाती होते. काळाची रेषा काढता येईना, म्हणून त्याने देशागणिक पट्ट्या काढल्या. १८०१ साली त्यानेच वृत्तालेख आणला. क्रिमियाच्या युद्धात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक मेले, हे फ्लोरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ साली वर्तुळाकार आलेखातून दाखवले. या दोन्ही उदाहरणांत चित्राचा प्रकार सामग्रीच्या स्वरूपावरून आणि सांगायच्या गोष्टीवरून ठरला. विद्यार्थ्यांनाही हाच क्रम शिकवायला हवा.

भाषांसारखे सुटे गट असतील तर स्तंभालेख. दोन स्तंभांमध्ये मोकळी जागा असते, कारण मराठी आणि तेलुगू यांच्यामध्ये कोणती सलग संख्या नाही. मिनिटांसारखी सलग मोजमापे असतील तर आयतालेख. त्यात आयत एकमेकांना चिकटून असतात, कारण एक वर्ग जिथे संपतो तिथेच पुढचा सुरू होतो. मोकळी जागा ठेवायची की नाही हा सौंदर्याचा प्रश्न नाही, सामग्री सुटी की सलग याचे ते उत्तर आहे. दोन गटांची तुलना करायची असेल तर जोडस्तंभालेख, एकूणाचे भाग दाखवायचे असतील तर विभाजित स्तंभालेख, आणि एकूण वेगवेगळे असताना प्रमाणे ताडायची असतील तर शतमान स्तंभालेख.

एकूणाचे वाटे दाखवायला वृत्तालेखही चालतो. वरच्या ४० जणांच्या वर्गात ३६० अंश ४० जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला ९ अंश येतात. मराठीचा कोन १४४, तेलुगूचा ९९, कन्नडचा ६३, उर्दूचा ४५ आणि इतरचा ९ अंश. सूत्र सांगण्याआधी "एका मुलाचे किती अंश?" असे विचारले तर केंद्रीय कोनाचे सूत्र विद्यार्थी स्वतः शोधून काढतात. वृत्तालेखाची मर्यादाही सांगावी: ६३ आणि ५७ अंशांतला फरक डोळ्यांना चटकन कळत नाही, तोच फरक शेजारी उभ्या दोन स्तंभांत लगेच कळतो.

काळाबरोबर बदलणारी राशी असेल तर रेषालेख सोयीचा. शाळेच्या आवारात पर्जन्यमापक बसवून जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज सकाळी ठरलेल्या वेळी नोंद घेतली तर पाचही महिन्यांची सामग्री तयार होते. सोलापूर पर्जन्यछायेच्या प्रदेशात आहे आणि इथे बहुधा सप्टेंबरमध्ये सर्वाधिक पाऊस पडतो. रब्बीची ज्वारी या परतीच्या पावसाच्या ओलीवर उभी राहते. विद्यार्थ्यांचा आलेख कोकणातल्या एखाद्या ठिकाणाच्या आलेखाशेजारी ठेवला तर उंचीतला फरक दिसतोच, शिवाय शिखर कोणत्या महिन्यात आहे हाही फरक दिसतो. पेरणी कधी होते आणि का, याचे उत्तर त्या शिखरात आहे.

चित्र काढताना एक चूक सर्वांत घातक असते. २०११च्या जनगणनेनुसार सोलापूर जिल्ह्यात २२,२७,८५२ पुरुष आणि २०,८९,९०४ स्त्रिया होत्या. हे दोन स्तंभ शून्यापासून काढले तर जवळजवळ सारख्या उंचीचे दिसतात, स्त्रियांचा किंचित कमी. आलेखकागद वाचवण्यासाठी अक्ष २० लाखांपासून सुरू केला तर पुरुषांचा स्तंभ २.२८ लाखांचा आणि स्त्रियांचा ०.९० लाखांचा उरतो. म्हणजे एक स्तंभ दुसऱ्याच्या अडीच पट उंच होतो. आकडे तेच, पण पाहणाऱ्याला वाटेल की जिल्ह्यात स्त्रियांच्या अडीच पट पुरुष आहेत. खरे प्रमाण दर हजार पुरुषांमागे ९३८ स्त्रिया असे आहे. ही तूट गंभीर आहे, पण ती आहे तेवढीच दाखवली पाहिजे. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करावा, हा नियम विद्यार्थ्यांकडून दोन्ही चित्रे काढून घेतल्यावर कायमचा लक्षात राहतो.

एक संख्या सगळ्यांच्या वतीने

सारणी आणि आलेखानंतर प्रश्न येतो: सगळ्या सामग्रीच्या वतीने बोलणारी एक संख्या कोणती? मध्य, मध्यक आणि बहुलक ही तीन उत्तरे आहेत. तिन्ही कधी वेगवेगळी येतात आणि का येतात, हे सोलापूरच्या तालुक्यांवरून फार स्पष्ट दिसते.

२०११च्या जनगणनेतील तालुकावार लोकसंख्या चढत्या क्रमाने अशी: मंगळवेढा २,०५,९३२, करमाळा २,५४,४८९, दक्षिण सोलापूर २,६०,८९७, मोहोळ २,७६,९२०, अक्कलकोट ३,१४,५७०, सांगोला ३,२२,८४५, माढा ३,२४,०२७, बार्शी ३,७२,७११, पंढरपूर ४,४२,३६८, माळशिरस ४,८५,६४५, उत्तर सोलापूर १०,५७,३५२. एकूण ४३,१७,७५६.

अकराने भागले की मध्य येतो सुमारे ३,९२,५२३. पण रांगेवर नजर टाकली तर या मध्याच्या वर फक्त तीन तालुके आहेत आणि खाली आठ. "सरासरी तालुका" म्हणून सांगितलेली संख्या बहुतेक तालुक्यांपेक्षा मोठी निघाली. अकरा संख्यांतली मधली, म्हणजे सहावी, सांगोल्याची: ३,२२,८४५. हा मध्यक. त्याच्या खाली पाच तालुके, वर पाच. मध्य आणि मध्यक यांच्यात सुमारे ७० हजारांचा फरक कुठून आला? उत्तर सोलापुरातून. त्या तालुक्यात सोलापूर शहर आहे, आणि २०११ साली शहराची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणजे तालुक्याच्या ९० टक्के. उत्तर सोलापूर बाजूला ठेवून उरलेल्या दहा तालुक्यांचा मध्य काढला तर तो सुमारे ३,२६,०४० येतो, मध्यकाच्या अगदी जवळ.

यावरून "मध्य चुकीचा, मध्यक बरोबर" असा निष्कर्ष विद्यार्थ्यांनी काढू नये. जिल्ह्याला एकूण किती धान्य लागेल याचा हिशेब करायचा तर मध्यच उपयोगी, कारण त्याला तालुक्यांच्या संख्येने गुणले की एकूण परत मिळते. मध्यकातून एकूण मिळत नाही. साधारण तालुका केवढा असतो हे सांगायचे तर मध्यक योग्य. कोणते माप घ्यायचे हे प्रश्नावरून ठरते, म्हणून गणित सोडवण्याआधी "हे माप कशासाठी हवे आहे?" हे विचारायचे.

बहुलकाचे उदाहरण बाजार समितीत मिळते. सोलापूरच्या कांदा बाजाराचे दर रोज तीन रकान्यांत छापले जातात: किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने सर्वाधिक माल विकला गेला तो भाव. हाच बहुलक. समजा, एके दिवशी १०० क्विंटल कांद्यापैकी २५ क्विंटल गोल्टी (लहान कांदा) ८०० रुपयांनी, ६० क्विंटल मध्यम माल १,२०० रुपयांनी आणि १५ क्विंटल निवडक मोठा कांदा ३,००० रुपयांनी गेला. किमान आणि कमाल यांची मधली संख्या १,९०० येते, पण त्या भावाने एक किलोही विकलेला नाही. सगळ्या मालाचा मध्य १,३७० रुपये. बहुलक १,२००. मध्यम प्रतीचा माल घेऊन निघालेल्या शेतकऱ्याने भाड्याचा आणि हमालीचा हिशेब १,२०० धरून करायला हवा. कमाल दराची बातमी वाचून निघालेला शेतकरी निराश होतो तो रकाने नीट न वाचल्यामुळे, आणि हे वाचन सातवी-आठवीच्या वर्गात शिकवता येते.

याच उदाहरणात भारित मध्यही दडलेला आहे. ८००, १,२०० आणि ३,००० यांची सरळ सरासरी सुमारे १,६६७ येते. प्रत्येक भावाला त्या भावाने गेलेल्या क्विंटलांचे वजन दिले की १,३७० येते. या कल्पनेशी सोलापूरचे जुने नाते आहे. मुंबई सरकारच्या कामगार कार्यालयाने १९२०च्या दशकात सोलापुरातील कापडगिरणी कामगारांच्या कौटुंबिक खर्चाची पाहणी केली आणि १९२८ साली तिचा अहवाल प्रसिद्ध झाला. कामगाराच्या घरात ज्वारीवर किती, कपड्यांवर किती, भाड्यावर किती खर्च होतो हे कळल्याशिवाय महागाई किती वाढली हे सांगता येत नाही, कारण ज्वारी महागणे आणि छत्री महागणे यांचा घरावर सारखा भार पडत नाही. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या केंद्रांत सोलापूरचे नाव आजही आहे.

वर्गात हे असे करता येईल. समजा, घरखर्चाच्या १०० रुपयांत धान्य-किराणा ५०, कपडे १०, भाडे १० आणि इतर खर्च ३० रुपये आहे. भाववाढ अनुक्रमे १०, ३०, ० आणि ५ टक्के झाली. टक्क्यांची सरळ सरासरी ११.२५ येते. खर्चाच्या वजनाने काढलेली वाढ मात्र ५ + ३ + ० + १.५ म्हणजे ९.५ टक्के. विद्यार्थ्यांनी आपापल्या घरच्या खर्चाची वजने घेऊन हेच गणित केले तर एकाच भाववाढीचा भार वेगवेगळ्या घरांवर वेगवेगळा पडतो, हे त्यांच्या वह्यांतच दिसते. ही वजने वर्गात जाहीर वाचून दाखवू नयेत. घरची परिस्थिती उघडी पडणार नाही याची काळजी शिक्षकाने घ्यावी.

वाचनाच्या तीन पातळ्या

आलेख वाचणे म्हणजे काय, याचा अभ्यास अमेरिकेतील गणितशिक्षणाच्या अभ्यासक फ्रान्सिस कर्सियो यांनी १९८०च्या दशकात केला आणि वाचनाच्या तीन पातळ्या सांगितल्या. पहिलीत समोर दिसणारा आकडा वाचायचा. दुसरीत आकड्यांमधला संबंध शोधायचा: तुलना, फरक, कल. तिसरीत सामग्रीच्या पलीकडे जायचे: अंदाज, कारण, पुढचा प्रश्न. पहिल्या पातळीवर जवळजवळ सगळी मुले पोहोचतात. शिकवण्याची खरी गरज दुसरीपासून लागते.

उजनी धरणाचा आलेख तिन्ही पातळ्यांवर वाचण्याजोगा आहे. माढा तालुक्यात भीमेवर बांधलेल्या या धरणाची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. त्यातले सुमारे ६३.६६ टीएमसी मृतसाठा आणि ५३.५७ टीएमसी उपयुक्त साठा. वृत्तपत्रांत रोज येणारी टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. पाणी मृतसाठ्याच्या पातळीला आले की टक्केवारी शून्य होते, त्याखाली गेले की वजा होते. २०२४च्या उन्हाळ्यात ती वजा ६० टक्क्यांच्या आसपास गेली होती. पावसाळ्यात धरण पूर्ण क्षमतेच्या वर भरले की आकडा १११ टक्क्यांपर्यंतही जातो.

पहिल्या पातळीचा प्रश्न: अमुक तारखेला टक्केवारी किती? दुसरीचा: वजा ६० टक्के असताना धरणात प्रत्यक्ष पाणी किती होते? ५३.५७ च्या ६० टक्के म्हणजे ३२.१४, ते ६३.६६ मधून वजा केले की सुमारे ३१.५ टीएमसी. म्हणजे "वजा" असूनही धरण कोरडे नव्हते. आणि १११ टक्क्यांना? ६३.६६ अधिक ५९.४६, सुमारे १२३ टीएमसी. शून्य कुठे धरले आहे हे कळल्याशिवाय टक्केवारीला अर्थ नसतो, हे विद्यार्थ्याला या दोन बेरीज-वजाबाक्यांतून कळते. तिसऱ्या पातळीचे प्रश्न मोकळे असतात. यंदाची तुलना गेल्या वर्षीच्या कोणत्या तारखेशी करावी? जूनची तुलना ऑक्टोबरशी केली तर दरवर्षीच "प्रचंड वाढ" दिसेल, म्हणून तारीख तीच हवी. सोलापुरात पाऊस नसतानाही धरण का भरते? कारण पाणी पुणे जिल्ह्यातल्या भीमेच्या खोऱ्यातून येते. मृतसाठ्यातले पाणी वापरण्यात अडचण कोणती? इथे गणित भूगोलाला आणि नागरिकशास्त्राला जाऊन मिळते.

तिसऱ्या पातळीवर एक सावधगिरी शिकवावी लागते. दोन राशी एकत्र वाढल्या म्हणजे एकीमुळे दुसरी वाढली असे होत नाही. एप्रिल-मेमध्ये सोलापुरात शीतपेयांची विक्री वाढते आणि टँकरच्या फेऱ्याही वाढतात. दोन्हींचे कारण उन्हाळा आहे. "असे आणखी कोणते तिसरे कारण असू शकेल?" हा प्रश्न प्रत्येक निष्कर्षानंतर विचारण्याची सवय लावली तर घाईचे निष्कर्ष कमी होतात.

मूल्यमापन

या घटकाची परीक्षा केवळ आलेख काढायला सांगून घेतली तर विद्यार्थी तेवढेच शिकतात. प्रश्नांचे चार प्रकार ठेवावेत. एक, कच्ची सामग्री देऊन सारणी करायला सांगणे आणि वर्गांतराचे कारण विचारणे. दोन, सामग्रीचे वर्णन देऊन योग्य आलेख निवडायला सांगणे. तीन, चुकीचा आलेख देऊन त्यातला दोष शोधायला लावणे: अक्ष शून्यापासून नाही, एकूण १०० टक्क्यांच्या वर जाते, चित्रालेखात चित्रांचे आकार लहानमोठे आहेत. चार, तयार आलेखावरून तीन वाक्ये लिहायला सांगणे, प्रत्येक पातळीचे एक.

चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा, आणि त्याचे गुण देताना वाक्य तपासावे लागते. "उत्तर सोलापूरचा स्तंभ सर्वांत उंच आहे" हे पहिल्या पातळीचे वाक्य. "उत्तर सोलापूरची लोकसंख्या दुसऱ्या क्रमांकाच्या माळशिरसच्या दुपटीहून अधिक आहे" हे दुसऱ्या. "शहर असलेल्या तालुक्यामुळे जिल्ह्याचा मध्य फुगतो, म्हणून ग्रामीण तालुक्यासाठी योजना आखताना मध्यक पाहावा" हे तिसऱ्या. संगणकावरच्या तक्त्यांत आज आकडे भरले की आलेख क्षणात तयार होतो. त्यामुळे पट्टी-पेन्सिलीच्या कौशल्यावरचा वेळ थोडा कमी करून तो या तिसऱ्या वाक्यावर खर्च करता येतो. यंत्र कोणत्याही आकड्यांचा कोणताही आलेख काढून देते. तो आलेख त्या सामग्रीला शोभतो का आणि त्यातून नेमके काय म्हणता येते, हे ठरवण्याचे काम विद्यार्थ्याचे आहे, आणि सांख्यिकीच्या तासिकेत त्याला तेच शिकवायचे आहे.